सतरा नंबरचा ठिपका

समाजमंदिराच्या भिंतीवर नोटीस चिकटवून जंगलखात्याचा गार्ड फटफटीवर बसला. त्याच्या मागचा धुरळा खाली बसायच्या आत अर्धा कातळपाडा भिंतीपुढे गोळा झाला. सन २००६, मे महिन्याचा तिसरा आठवडा. शेताच्या कोपऱ्यांवर राब पसरून तयार होते. शेण, त्यावर ऐनाच्या वाळक्या डहाळ्या, त्यावर पाचोळा, गवत, वरून मातीचा हात. वारा पडला की काडी लावायची, एवढंच बाकी होतं. वाफा असा भाजून निघाला की तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप हातभर जोमानं येतं. कातळपाड्यात भात लावायची दुसरी रीत कुणाला माहीत नव्हती.

"सूनबाई, वाच गो," तिचे सासरे धाऊबाबा म्हणाले. "तू शिकलेली."

रंजनानं कडेवरच्या लेकीला, पूजाला, खाली ठेवलं आणि वाचायला लागली. आवाज मोठा काढून, शाळेत धडा वाचावा तसं. ऐनाची छाटणी बंद. राब जाळण्यास मनाई. जाळल्यास गुन्हा नोंदवण्यात येईल. आणि मग चौथ्या ओळीवर तिची जीभ अडखळली.

"पुढं काय हाय?"

"कातळपाडा येथे करण्यात आलेल्या सर्वेक्षणात," ती म्हणाली, "एकवीस ठिकाणांपैकी सोळा ठिकाणी दरवर्षी आग लावली जात असल्याचं आढळून आलंय. सबब..."

"कोनी केला हा सर्वे?" नवसूतात्यानं विचारलं. "आमच्याकडं तर कोन आला नाय."

गर्दीच्या मागं, नव्या कोऱ्या गाडीला टेकून सुरेंद्र उभा होता. तिच्या नवऱ्याचा, शेखरचा, चुलतभाऊ, म्हणजे तिचा चुलत दीर. तो हसला. "तात्या, कोन म्हंजे? आपली वहिनीच की! मार्चमध्ये छत्री घेऊन, गळ्यात कार्ड लटकवून फिरत नव्हती? घरोघरी च्या प्यायली. तुमीच पाजलात."

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. सासू यमूबाईंनी पदर तोंडाला लावला. धाऊबाबा नोटिशीकडे बघत राहिले. अक्षर न ओळखणारा माणूस कागदाकडे इतका वेळ कसा बघू शकतो, ते तिला त्या दिवशी कळलं.

---

खोटं काहीच नव्हतं. सोळा ठिकाणी राब जाळतात. रंजनानं स्वतः लिहिलं होतं.

मार्च महिन्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेचे टिपणीस सर डोळखांबच्या शाळेत आले होते. बी.एस्सी. झालेली, गावातच राहणारी बाई त्यांना हवी होती. अख्ख्या पंचक्रोशीत ती एकटीच. सरांनी टेबलावर नकाशा पसरला. "झाड म्हणजे साठवून ठेवलेला कार्बन. जंगल गेलं, तिथं दुसरं काही झालं, की तो कार्बन हवेत जातो आणि हवा तापते. अख्ख्या आशिया खंडात, तुर्कस्तानापासून जपानपर्यंत, जमिनीचा वापर बदलल्यामुळे असा किती गेला, ते आपण काढतोय. उपग्रह वरून फोटो घेतो. पण वरून सगळं कळत नाही, रंजनाताई. खाली पायी जाऊन बघणारं माणूस लागतं. ते माणूस तुम्ही."

ताई म्हणाले होते. गेली पाच वर्षं ती कुणाची तरी सून होती, वहिनी होती, पूजाची आई होती. घरी येताना वाटेवर तिला आपलेच पाय हलके वाटले होते.

नकाशावर कातळपाड्याचे एकवीस ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक फॉर्म. जागेवर जायचं, पूर्वी तिथं काय होतं ते विचारायचं, आता काय आहे ते बघायचं आणि रकाने भरायचे. सातवा रकाना होता, 'दरवर्षी जाळतात का?'

त्या सातव्या रकान्यावर ती तुटून पडली होती. कारण तिचं यमूबाईंशी भांडण होतं, आणि ते राबाचंच होतं. पूजा जन्मली तेव्हापासून खोकायची. रात्र रात्र छातीत खरखर. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. ती घरी येऊन म्हणाली, आई, यंदा घरामागचा राब नको. यमूबाई म्हणाल्या, "मंग खाशील काय? चुना?" तेव्हापासून मे महिन्यात राब पेटला, काळा धूर घरावरून वळला, की रंजना दारं लावून पूजाला उराशी धरून बसायची आणि मनातल्या मनात सगळ्या घराला शिव्या घालायची. म्हणून फॉर्मवर तिनं नुसतं 'हो' लिहिलं नव्हतं. 'दरवर्षी' या शब्दाखाली रेघ मारली होती. सोळा वेळा. शेवटी शेवटी तर दोन रेघा.

आता त्या रेघा भिंतीवर चिकटल्या होत्या.

---

दुपारी तिनं लोखंडी पेटीतून डॉक्टरच्या चिठ्ठ्या काढल्या. तिला यमूबाईंच्या पुढ्यात त्या टाकायच्या होत्या. हे बघा, मी उगाच नाही लिहिलं. राबाच्या धुरानं माझ्या पोरीचं काय होतं, ते बघा. सगळ्या चिठ्ठ्या तिनं जपून ठेवल्या होत्या, एकही टाकली नव्हती. ती तारखा लावायला बसली.

चौदा डिसेंबर. तीन जानेवारी. बावीस जानेवारी. नऊ फेब्रुवारी. पुढच्या वर्षीचा अकरा डिसेंबर, परत जानेवारी, परत फेब्रुवारी. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मे महिन्याची एकच चिठ्ठी निघाली, ती जुलाबाची.

तिनं परत लावल्या. मग उलट्या क्रमानं लावल्या. तारखा काही बदलल्या नाहीत. आणि या गेल्या हिवाळ्यात एकही चिठ्ठी नव्हती. तिला वाटलं होतं, नव्या औषधाचा गुण आला.

हिवाळ्यात इथं राब जळत नाही. हिवाळ्यात काय जळत होतं?

ती ओसरीवर आली. समोर मोहाचा दांड, टेकडीची लांब सोंड. आता तिथं गेट होतं, पांढरा कठडा होता, हिरवंगार लॉन, ओळीत लावलेली आंब्याची कलमं आणि फार्महाऊसच्या प्लॉटची पाटी. त्याआधीचे तीन हिवाळे पहाटे त्या दांडावरून पांढरं काहीतरी उतरायचं, पाड्यावर पसरायचं आणि ऊन चढेपर्यंत तसंच बसून राहायचं. ती शेखरला डबा भरून द्यायची आणि म्हणायची, आज धुकं आहे हो, आसनगावला गाडी लेट असेल.

आग दिसते म्हणून तिनं आगीशी तीन वर्षं भांडण केलं. आणि दांडावरच्या कोळशाच्या भट्ट्यांत जे मातीखाली झाकून धुमसत होतं, त्याला धुकं म्हटलं.

दांडाचा ठिपका सतरा नंबरचा. तो फॉर्म तिनं कसा भरला होता, ते आठवलं आणि तिचे कान तापले. उन्हाची वेळ, पूजा कडेवर पेंगलेली. गेटपाशी सुरेंद्रनं गाडी थांबवली होती. "वहिनी, वर कुठं जाता पोरीला घेऊन? या, बसा." खालच्या ऑफिसात पंखा होता. त्यानं थंडा मागवला. तिनं विचारलं, पूर्वी काय होतं? "काय असनार? माळ. वरकस जमीन, गवत." आता? "झाडं लावलीत की पाचशे. लिवा, झाडं." जाळता का? "छ्या! आमी काय राबवाले?" दोघंही हसले होते. तीसुद्धा.

पायी जाऊन बघणारं माणूस! वर पाऊलसुद्धा न टाकता, लग्नाच्या वर्षी ओसरीवरून दिसायची ती झाडी न आठवता, तिनं लिहिलं होतं. पूर्वी: माळ. आता: झाडे. जाळतात का: नाही. आणि खाली स्वतःची सही.

---

जिवली कातकरवाडीच्या टोकाला राहायची. ती आणि तिचा नवरा मंगळू तीन हंगाम दांडावरच्या कोळशाच्या भट्ट्यांवर होते. रंजना गेली तेव्हा ती दारात सुपानं धान्य पाखडत बसली होती. सूप थांबलं नाही.

"जिवले, दांडावर आधी काय होतं?"

"आता इचारतेस?" जिवली म्हणाली. "तवा का नाय इचारला? मी गेटाजवलच व्हते, झाडांना पानी घालत. तू आत बसून थंडा पीत व्हतीस. मना वाटला, हिला समदा ठावं असंल, शिकलेली हाय."

रंजना खाली मान घालून उभी राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

सूप थांबलं. जिवलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. पाड्यातल्या बाईच्या तोंडून हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा.

"मोहाची झाडा व्हती," ती म्हणाली. "दोन हातांच्या मिठीत नाय येनार, अशी. ऐन, धावडा, हेद. आमी चैतात मोहाची फुला येचायचो तिथं. तुमचा पाडा ऐन छाटायचा. छाटला तरी ऐन मरत नाय, दुसऱ्या सालाला परत फुटतो. मंग सुरेंदर आला, बोलला काम हाय. आमीच तोडली गो. ज्या झाडाखाली माजी सोमी जल्मली, ता बी मीच रचला भट्टीत. तिसऱ्या सालाला मिशीन आनून बुडका बी उपटली, निशानी नको म्हनून." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पन मी अंगठा देनार नाय. यंदा दिवालीनंतर कामाला कोन नेनार आमाला? तोच ना?"

"अंगठा नको. मला दाखव फक्त."

"काय दावू? गवात लावलाय वर."

"मग?"

जिवली पहिल्यांदाच हसली. "भट्टीच्या जाग्यावर गवात येतंय व्हय? दहा-दहा दिस माती भाजलेली असते. तो माली रोज पानी मारतो नि रोज कपालाला हात लावतो."

---

गुरुवारी टिपणीस सर आले, प्रकल्पाची माहिती द्यायला. रंजनानं एस.टी.डी. बूथवरून तीनदा फोन केला होता. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या, सुरेंद्रनं हार आणला. सरांनी भिंतीवर एक रंगीत नकाशा लावला. मोहाचा दांड त्यात हिरवा होता आणि पाड्याची शेतं लाल ठिपक्यांनी भरलेली, गोवर आल्यासारखी.

सर बोलत असतानाच ती उठली. पूजा पदराला धरून मागोमाग.

"सर, सतरा नंबरचा फॉर्म खोटा आहे. मी भरलाय. मी वर गेलेच नव्हते. तिथं जंगल होतं. तीन वर्षं कोळसा पाडून ते संपवलं."

"वहिनी, बसा," सुरेंद्र गोड आवाजात म्हणाला. "सर, यांच्या घरचे राब बंद झाले ना, म्हनून..."

"तू गप!" ती म्हणाली. सासऱ्यांसमोर, भर सभेत. यमूबाईंचा हात तोंडावर गेला. पण तो हसू लपवायला गेला होता, हे रंजनाला नंतर कळलं.

टिपणीस सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "रंजनाताई, आकडे दिल्लीला गेलेत. तिथून पुढेही गेले, जंगलखात्याकडेही. आणि खरं सांगू का, एका ठिपक्यानं खंडाच्या बेरजेत काही फरक पडत नाही."

"नाही पडत?"

"नाही."

"मग आमच्या राबानं कसा पडला?"

मागून नवसूतात्या खाकरला. "बोल गो पोरी, बोल."

"एका ठिपक्यानं फरक पडत नाही म्हणता, मग सोळा ठिपक्यांवर नोटीस कशी निघाली? राब डहाळीचा जळतो, सर. झाड उभं राहतं, वर्षाच्या आत परत पालवतं. तुम्हीच म्हणालात ना, जंगल जाऊन दुसरं काही झालं तर मोजायचं? आमच्या ऐनाचं काय दुसरं झालं? शंभर वर्षं ऐनाचं ऐनच आहे. आणि दांडाचं लॉन झालं, त्याला तुम्ही हिरवा रंग दिलात! वरून बघितलंत तुम्ही. आणि खालून बघायला ज्या बाईला ठेवलंत, ती थंडा पीत बसली. माझं चुकलं ते मी इथं सगळ्यांसमोर सांगतेय. आता तुम्ही वर चला. पायी."

सर दांडावर चढले. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. निम्मा पाडा मागून आला आणि सगळ्यांत मागून, पण सगळ्यांच्या आधी ठरवल्यासारखी, जिवली.

"ए जिवले," सुरेंद्र ओरडला, "तुला कोनी बोलावला इथं?"

"कोनी नाय. फिराया आले. लॉन बघाया."

लॉनमध्ये वाटोळे पिवळे डाग होते, बैलगाडीच्या दोन चाकांइतके रुंद. जिवली एका डागात जाऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. सरांनी खाली बसून पेनानं माती उकरली. बोटभर खाली काळं लागलं. कोळशाचा चुरा आणि विटेसारखी भाजलेली लाल माती. जिवली पुढच्या डागात गेली, उभी राहिली. सर तिच्या मागून गेले. मग तिसरा, मग चौथा. कठड्याजवळचे दोन तर कलमांच्या आळ्यातच होते. सुरेंद्र काहीतरी बोलत होता, शेणखत, लोडशेडिंग, पाण्याचा प्रॉब्लेम, पण कुणाचं लक्ष नव्हतं. एकतिसाव्या डागात जिवली थांबली आणि पदरानं तोंड पुसून सावलीला बसली. सावली म्हणजे पाटीची. दुसरी तिथं कुठलीच नव्हती.

सरांनी बॅगेतून सतरा नंबरचा फॉर्म काढला. 'झाडे' हा शब्द खोडला. वर लिहिलं, 'तोड. कोळसा.' पूर्वीच्या रकान्यातला 'माळ' खोडून 'जंगल' लिहिलं. सही केली. हात काळा झाला होता, त्याचा ठसा कागदावर उमटला.

"मी कळवतो," ते म्हणाले. "पण नोटीस माझ्या हातात नाही. फेरतपासणी लागेल. पावसाळ्यानंतर नक्की निर्णय होईल."

"पावसाळ्यानंतर," रंजना म्हणाली. "भाताला तसं कळवू का?"

उतरताना सरांनी पूजाच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला, मग तो काळा आहे हे बघून मागे घेतला.

---

शुक्रवारी सकाळी वारा पडला. धाऊबाबा घरामागच्या राबाशी उकिडवे बसले होते, काडेपेटी हातात. पेटी उघडायची, मिटायची.

"काय करायचा, सूनबाई?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी तिला फक्त सांगितलं होतं.

"पेटवायचा."

"केस करतील."

"माझ्यावर करतील. मीच पेटवणार."

"येडी हायस काय? पोर लहान हाय तुझी."

रंजनानं बोट ओलं करून वर धरलं. वारा होता तो अगदी थोडा, पूर्वेकडून. धूर नदीकडे जाईल, कातकरवाडी मोकळी राहील. तरीही, चिठ्ठ्या काही म्हणोत, धूर तो धूर. ती घरात वळणार, एवढ्यात यमूबाई पूजाला काखोटीला मारून बाहेर आल्या. हातात पोरीची वाटी, भात कालवलेला.

"मी जिवलीच्या दारात बसते हिला घेऊन," त्या म्हणाल्या. "तिकडं धूर येत नाय." सबंध आयुष्यात त्या कातकरवाडीत बसायला गेल्या नव्हत्या. दहा पावलं गेल्यावर मागं वळल्या. "कडंनं लाव गो, वाऱ्याच्या उलट. डोळं सांबाळ."

तिनं कडेनं लावला. गवत तडतडलं, डहाळ्यांनी पेट घेतला, ज्वाळा गुडघ्याएवढ्या उठल्या आणि मातीखाली दबल्या. नवसूतात्याच्या शेतातून धूर उठला. मग पलीकडे. एकेक करून सोळाही. ती हातातलं घड्याळ बघत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, काही धुराचं, काही रागाचं. रागाचं जास्त. सुरेंद्रवर, नकाशावर, त्या काळ्या हाताच्या सज्जन माणसावर आणि आपल्या सोळा रेघांवर.

गार्ड आला तेव्हा वाफ्यावर नुसती राख उरली होती. त्यानं वही काढली.

"कोनी लावला?"

"मी."

"नाव?"

तिनं नाव सांगितलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं, घर नंबर. तो लिहीत गेला.

"किती वाजता लावला?"

"आठ वाजून दहा मिनिटांनी. नऊ वाजून पाच मिनिटांनी विझला. तेही लिहा."

"ते लागत नाय, बाई."

"लागतं. लिहा. पंचावन्न मिनिटं." ती हलली नाही. "आणि त्याच्याखाली लिहा, मोहाचा दांड. तीन हिवाळे. दिवसरात्र."

गार्डनं दांडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. पेन वहीवर टेकलेलं तसंच राहिलं.

"लिहा ना," ती म्हणाली. "मी इथंच उभी आहे. बघूनच जाईन."